कोरियन 'बोदा' आणि आपलं 'बघणं' : कुठवर जुळतं, कुठे अडतं?

केतकीवन

नमस्कार मंडळी,

कोरियन शिकणारे इथे बरेच आहेत हे मागच्या मालिकांच्या धाग्यावर कळलं, म्हणून हा वेगळा धागा. मी टोपिक-१ (टोपिक म्हणजे कोरियन भाषेची पातळीवार परीक्षा) मधून दुसरी पातळी मिळवली आणि आता टोपिक-२ ची तयारी चालू आहे. नामं पाठ होतात, प्रत्ययही हळूहळू बसतात. पण काही साधी क्रियापदं अशी आहेत की पानोपानी भेटतात आणि दर वेळी वेगळाच अर्थ घेऊन येतात. त्यांत सगळ्यात पुढे 'बोदा'. (सगळं देवनागरीतच लिहितेय. शब्दाच्या सुरुवातीचा हा ब त्यांच्या तोंडून प आणि ब यांच्या मधला ऐकू येतो.)

पहिल्या धड्यात बोदा म्हणजे बघणे, संपलं. मग 'योंगह्वारुल बोदा' सिनेमा बघणे, ठीक. 'शिनमुनुल बोदा' वर्तमानपत्र वाचणे. 'शिहॉमुल बोदा' परीक्षा देणे. 'जांगुल बोदा' बाजारहाट करणे. 'आइरुल बोदा' मूल सांभाळणे. 'सोन्हेरुल बोदा' नुकसान होणे. शिवाय दुसऱ्या क्रियापदाला लागून 'मॉगॉ बोदा' खाऊन बघणे. वाक्याच्या शेवटी 'बिगा ओना ब्वायो' पाऊस पडतोय वाटतं. आणि 'ऑजेबोदा' म्हणजे कालपेक्षा!

माझ्या पुस्तकात प्रत्येकासमोर वेगळा इंग्रजी शब्द दिलाय, आणि ते दहा शब्द दहा दिशांना पळतात. तुम्ही हे कसं लक्षात ठेवता? मराठी माणसाला यातून काही जवळची वाट आहे का?

रांजणगावकर

जवळची वाट आहे आणि ती तुमच्या स्वयंपाकघरातून जाते.

मी रांजणगाव एमआयडीसीत दुभाषाचं काम करतो. नव्या मुलांना मी पहिलं हेच सांगतो की इंग्रजी अर्थ खोडून टाका आणि समोर 'बघणे' लिहा. मुलाला कोण बघतं? आजी बघते. आइरुल बोदा. घर कोण बघतं? जिबुल बोदा. हिशोब कोण बघतं, पेशंट कोण बघतं, भविष्य कोण बघतं? सगळीकडे आपण बघणेच म्हणतो आणि तेही बोदाच म्हणतात. ह्वान्जारुल बोदा म्हणजे डॉक्टरांनी पेशंट बघणे. जॉमुल बोदा म्हणजे भविष्य बघणे.

सगळ्यात महत्त्वाचं 'करून बघणे'. पुस्तकातला इंग्रजी अर्थ 'प्रयत्न करणे' असा असतो आणि तिथेच घोटाळा होतो. 'मुनुल यॉरॉ ब्वास्सॉयो' म्हणजे 'दार उघडून बघितलं'. दार उघडलं गेलं, आत काय आहे ते पाहिलं. उघडायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही, असं सांगायचं तर त्यांचं वेगळं रूप आहे, 'यॉल्ल्यॉगो हेन्नुन्दे', म्हणजे आपलं 'उघडायला गेलो, पण'. इंग्रजीत दोन्हीकडे एकच क्रियापद येतं. मराठीत मुळातच दोन आहेत. देवाने दिलेली सवलत आहे ही, वापरा.

चाफा_बोलेना

वाचतेय. धाग्याची खूण.

हान_नदीकाठी

सोलमध्ये राहते, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

रांजणगावकर, तुमचं बहुतेक पटलं, पण दाराच्या उदाहरणाला एक पुस्ती. इथे लोक 'यॉरॉ ब्वान्नुन्दे आन यॉल्ल्यॉस्सॉयो' असंही सर्रास म्हणतात. उघडून बघितलं, पण उघडलं नाही. म्हणजे दार उघडलंच गेलं असा नियम नाही. आणि गंमत म्हणजे आपणही हेच म्हणतो की. 'किल्ली लावून बघितली, ढकलून बघितलं, उघडून बघितलं, नाही उघडत.' तेव्हा नियम मोडला तरी मराठीशी जोडी तुटत नाही.

आता चवीचं. माझ्या शेजारच्या आजी त्वेन्जांग च्चिगे करतात, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं रटरटतं कालवण. उकळी आली की चमच्यात थोडं घेतात, खाली दुसऱ्या हाताचा तळवा धरतात, फुंकर मारतात आणि माझ्या तोंडाशी आणून म्हणतात, 'गान जोम ब्वा'. गान म्हणजे पदार्थातलं मिठाचं प्रमाण. थोडक्यात 'जरा मीठ बघ गं'. मी 'शिंगॉवॉयो' म्हटलं की अळणी आहे, 'च्चायो' म्हटलं की खारट झालं. हे वाक्य मला कुणी शिकवावं लागलं नाही, लहानपणापासून तेच ऐकलंय, फक्त भाषा दुसरी.

बाजारातही तेच. ग्वांगजांग बाजारात हिरव्या मुगाचे बिन्देत्तॉक तळणाऱ्या बायका हाक मारतात 'दुश्यॉ बोसेयो', खाऊन बघा. कपड्यांच्या गल्लीत 'इबॉ बोसेयो', घालून बघा. आणि काहीच घ्यायचं नसलं तरी 'बोगो गासेयो', बघून तर जा. तुळशीबागेत फिरलेल्या बाईला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

दादर_पूर्व

मला हे पटत नाही, स्पष्टच लिहितो. मातृभाषेची कुबडी घेतली की सुरुवातीला वेग येतो आणि पुढे तीच आडवी येते. केतकीवन यांनी दिलेल्या यादीतच बघा. 'शिहॉमुल बोदा' म्हणजे परीक्षा देणे. मराठीत 'परीक्षा पाहणे' म्हटलं तर अर्थ नेमका उलटा होतो! 'देव परीक्षा पाहतो' यात परीक्षा घेणारा पाहतो, देणारा नाही. कोरियनमध्ये बाकावर बसलेला विद्यार्थी परीक्षा बघतो.

'जांगुल बोदा' चं तेच. बाजार बघणे म्हणजे आपल्याकडे नुसतं फिरून येणे. तिथे पिशवी भरून घरी आणणे.

'इदुगुल बोदा' म्हणजे फायदा होणे. आपण 'तो फक्त स्वतःचा फायदा बघतो' म्हणतो, तिथे फायदा अजून झालेला नसतो, नजर फक्त त्यावर असते.

आणि उलट बाजूने 'वाट पाहणे'. वाट पाहण्यासाठी कोरियनमध्ये बोदा येतच नाही, 'गिदारिदा' हे स्वतंत्र क्रियापद आहे. मराठीवरून उडी मारणारा इथे तोंडावर पडणार.

माझा सल्ला एवढाच की शब्द सुटा शिकूच नका. जोडी शिका. शिहॉम आला की बोदा, जांग आला की बोदा. अर्थ विचारूच नका.

रांजणगावकर

दादर_पूर्व, परीक्षेचा मुद्दा झकास आहे, मी तो उद्या वर्गात वापरणार. पण जोडीने शिका आणि मराठीतून शिका यांत भांडण कुठे आहे? जिथे जुळतं तिथे पाठांतर वाचतं. उरलेल्या चार-पाच जोड्या रट्टा मारून करायच्या. सगळंच रट्टा मारायला रात्रपाळीनंतर कुणाकडे वेळ आहे?

नाडीपरीक्षा

डॉक्टर पेशंट बघतात हे कोरियातही कळतं याचा आनंद झाला. आमच्याकडे अजून 'डॉक्टर आहेत का बघायला?' असंच विचारतात. 😀

सोलकढी

आमच्या कोंकणीत 'खावन पळय', 'करून पळय'. मडगावच्या मासळी बाजारात 'पळय गो, ताजें आसा' ऐकत वाढले, त्यामुळे मालिकेतली ब्वा-ब्वा मला पहिल्या भागापासून घरची वाटली.

एक शंका. मालिकेत 'इगॉ बा' (हे बघ) असं ऐकू येतं, पुस्तकात मात्र 'इगॉ ब्वा' आहे. कोणतं बरोबर?

हान_नदीकाठी

सोलकढी, लिहिताना ब्वा, बोलताना घाईत बा. मूळ 'बो' ला 'आ' लागून 'ब्वा' झालंय. बोलताना तो मधला व गळतो, पण परीक्षेत मात्र ब्वाच लिहायचं.

बेळगावी_कुंदा

कन्नडमध्ये 'तिंदु नोडु', 'माडि नोडु'. तमिळ शेजारी आहेत आमचे, त्यांच्यात 'सेय्दु पार'. सगळं तेच, करून बघ. अप्पा-अम्मा तर कोरियन आणि तमिळमध्ये एकच आहेत. म्हणजे कोरियन ही मुळात द्राविडी भाषाच ना?

व्याकरणवेडा

कुंदा, थांबा थांबा. हा तर्क जुना आहे. होमर हल्बर्ट नावाचे अमेरिकन मिशनरी कोरियात राहत होते, त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोरियन आणि द्राविडी भाषांचं तौलनिक व्याकरणच लिहिलं होतं. आजचे भाषाशास्त्रज्ञ ते नातं मान्य करत नाहीत. आई-बापांचे शब्द तर जगभर बऱ्याच भाषांत सारखे असतात, कारण बाळाच्या ओठांना म आणि प सगळ्यात आधी जमतात. त्यावरून घराणं ठरत नाही.

पण तुमचं निरीक्षण वाया घालवू नका, कारण ते खरंच मोलाचं आहे. 'करून बघ' जपानीतही आहे, 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणे. हिंदीत 'खाकर देखो'. एकमेकींच्या रक्ताच्या नसलेल्या भाषांत हाच सांधा दिसतो. शिकागोचे भाषाशास्त्रज्ञ कॉलिन मसिका यांनी १९७६ साली यावर मोठं काम केलं. क्रियापद वाक्याच्या शेवटी, 'करून-जाऊन' सारखी रूपं, एका क्रियापदाला दुसरं जोडून रंग बदलणं, अशा खुणा नकाशावर मांडत ते भारतापासून मध्य आशियामार्गे कोरिया-जपानपर्यंत गेले. म्हणून मराठी माणसाला कोरियन वाक्य उलटं करून वाचावं लागत नाही. आपलं वाक्य जसं चालतं तसंच ते चालतं.

आता केतकीवन यांच्या 'ऑजेबोदा' कडे येतो, कारण मला या धाग्यात सगळ्यात जास्त तेच आवडलं. तुलनेचा हा 'बोदा' प्रत्यय बघणे या क्रियापदातूनच आला असं मानलं जातं. कालकडे बघता आज थंड, म्हणून कालपेक्षा थंड. हे विचित्र वाटतं ना? मग आपला 'पेक्षा' घ्या. तो संस्कृत 'अपेक्षा' वरून आला, 'अप' अधिक 'ईक्ष्'. आणि ईक्ष् म्हणजे बघणे. निरीक्षण, परीक्षा, प्रतीक्षा, समीक्षा सगळ्या त्याच धातूच्या लेकी. 'कालपेक्षा' म्हणताना आपणही कालकडे बघतच असतो.

आणि दादर_पूर्व, तुमची 'परीक्षा' आणि तुमची 'वाट पाहणे'वाली प्रतीक्षा, दोन्ही ईक्ष् च्याच. हे तुम्ही स्वतःच पुरवलेत!

दादर_पूर्व

हे मात्र माहीत नव्हतं. पेक्षा आणि बोदा, कमाल आहे. मुद्दा मागे घेत नाही, पण हे वहीत लिहून घेतलं.

निवृत्त_मास्तर

फार सुंदर चर्चा. मला कोरियनचा गंध नाही, नातीमुळे इथे आलो. ती लिपी चित्रांसारखी दिसते, चिनीसारखी हजारो अक्षरं पाठ करावी लागतात का?

केतकीवन

मास्तर, अजिबात नाही. हांगुल ही आपल्यासारखी उच्चाराची लिपी आहे. मूळ अक्षरं २४, १४ व्यंजनं आणि १० स्वर, बाकीची त्यांच्या जोडीतून होतात. राजा सेजोंगने १४४३ साली ती तयार केली आणि १४४६ मध्ये लोकांसाठी जाहीर केली. एका अक्षरसमूहात व्यंजन, स्वर आणि हवं तर खाली आणखी एक व्यंजन असा ठोकळा बसतो, म्हणून ती चित्रासारखी दिसते. नातीबरोबर बसा, पाटीवर लवकर हात बसेल तुमचा.

हान_नदीकाठी

लग्नाचा विषय कुणीच काढला नाही याचं आश्चर्य वाटतंय, कारण बोदा आणि बघणे यांची खरी सोयरीक तिथे आहे.

'सॉनुल बोदा' म्हणजे मुलगा-मुलगी बघणे. मध्यस्थ स्थळ आणतो, दोघं भेटतात, आता बहुतेक कॉफीच्या दुकानात. आपला बघण्याचा कार्यक्रम. त्याआधी किंवा नंतर घरच्या मोठ्यांना वाटलं तर 'गुंगहाबुल बोदा', म्हणजे पत्रिका जुळतात का बघणे. त्यासाठी लागतो 'साजु'. साजु म्हणजे चार खांब. जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि वेळ. साजु बघणाऱ्यांची छोटी दुकानं सोलमध्ये आजही आहेत आणि तिथे तरुण मुलंमुलीही जातात, नोकरी लागेल का, परदेशी जाऊ का, हे विचारायला.

लग्न झालं की 'साविरुल बोदा', जावई मिळणे. मग 'सोन्जारुल बोदा', नातवाचं तोंड पाहणे. तिथली आजी नातू 'बघते' म्हणजे नातू झाला, आणि त्याला 'बघते' म्हणजे सांभाळते. एकाच क्रियापदात आजीपण पूर्ण.

आणि नवरा-बायकोने एकमेकांना हाक मारायचा शब्द 'यॉबो'. मालिका बघणाऱ्यांना माहीत असेलच. तो 'यॉगि बोओ' म्हणजे 'इकडे बघा' यातूनच आलाय. फोन उचलल्यावर म्हणायचं 'यॉबोसेयो' त्याच घरचं. आपली आजी आजोबांना नावाने न हाकारता 'अहो, इकडे बघा जरा' म्हणायची. फोनवर तेच ऐकलं की मला अजून छान वाटतं.

सोलकढी

यॉबो म्हणजे अहो! माझ्या आईला आत्ताच्या आत्ता सांगते. तिने मराठी-कोंकणी सोडून एकही भाषा न शिकता चार कोरियन मालिका पूर्ण केल्यात.

गावठी_मिरची

भांडणातला बोदा राहिला! खलनायक जाताना बोट रोखून म्हणतो ना, 'दुगो बोजा'. खाली भाषांतरात काहीतरी मिळमिळीत येतं. 'दुगो' म्हणजे ठेवून, 'बोजा' म्हणजे बघू. सरळ मराठी: बघून घेईन!

रांजणगावकर

आणि त्यावर त्यांची म्हणही आहे, अर्थ असा की 'दुगो बोजा' म्हणणाऱ्यांत भिण्यासारखा कुणी नसतो. गर्जेल तो पडेल काय, त्यातलाच प्रकार.

भांडणाचा दुसरा एक: 'सोनुल बोदा'. सोन म्हणजे हात. यंत्राला हात बघितला तर दुरुस्ती, माणसाला बघितला तर चोप. आमच्याकडे मशीन बंद पडलं की कोरियन फोरमन 'सोन जोम ब्वाया द्वेगेन्ने' म्हणतात, जरा हात फिरवावा लागणार याच्यावर. कामगार 'हात दाखवावा लागणार' असं त्याचं भाषांतर करून हसतात, आणि ते फार लांब नाही.

पण कंपनीत मला सगळ्यात जास्त जपून भाषांतर करावं लागतं ते 'गॉम्थोहे बोगेस्सुमनिदा' चं. तपासून बघतो. आमचा माणूस नवी मागणी घेऊन जातो, वरिष्ठ मान हलवून हे वाक्य म्हणतात. शब्दशः सांगितलं तर आपला माणूस खुश होऊन बाहेर पडतो, उद्या काम होणार म्हणून. खरं तर बरेचदा तो सभ्य नकार असतो. दुकानातही गिऱ्हाईक 'सेंगाखे बोल्केयो' म्हणालं, विचार करून बघते, की दुकानदार वस्तू परत कपाटात ठेवायला लागतो. मी अशा वेळी भाषांतर एकाच शब्दात करतो: 'बघू'. आपल्या माणसाला सगळं कळतं. लहानपणी वडिलांकडे सायकल मागितल्यावर हाच शब्द ऐकलेला असतो ना प्रत्येकाने!

चाफा_बोलेना

'बघू' म्हणजे नाही, हे कोरियापर्यंत पोचलेलं पाहून डोळे पाणावले. 😂

नाडीपरीक्षा

गंभीर प्रश्न. 'नुन्ची' हा शब्द सारखा कानावर येतो. त्यातही बोदा आहे का?

हान_नदीकाठी

आहे. 'नुन्चिरुल बोदा'. समोरच्याचा चेहरा, आवाज, खोलीतलं वातावरण बघून आपण काय करायचं ते ठरवणे. मराठीत 'रागरंग बघणे' इतका नेमका शब्दप्रयोग असताना लोक त्यावर लांबलचक लेख का लिहितात कळत नाही. वडिलांचा रागरंग बघून मग सहलीच्या पैशांचा विषय काढायचा, हे आपल्याकडे चौथीतल्या मुलालाही येतं. छटा मात्र थोडी वेगळी आहे. नुन्ची बघत राहणारा माणूस दबलेला, ताटकळलेला असू शकतो. ऑफिसात साहेब उठेपर्यंत कुणी उठत नाही, सगळे एकमेकांची नुन्ची बघत बसतात. आणि ज्याला नुन्ची नाही तो भलत्या वेळी भलतं बोलतो.

केतकीवन

इतकं भरभरून लिहिलंत सगळ्यांनी, खरंच आभार. आता माझी गाडी जिथे अडलीय तिकडे येते. नामाच्या जोड्या जमतील असं वाटतंय. अडतं ते व्याकरणात. तीन ठिकाणं:

'जेजुदोए गा ब्वास्सॉयो?' याचं मराठी 'जेजू बेटावर जाऊन बघितलंस का?' असं केलं तर कसंसंच वाटतं.

'ओना ब्वायो' आणि 'ओनुन गॉत खाथायो', दोन्हींचा अर्थ 'पाऊस पडतोय वाटतं'. फरक काय?

'नुजुल्का ब्वा' मधला ब्वा बघण्याचा की भीतीचा?

व्याकरणवेडा

पहिला प्रश्न चांगला पकडलात, कारण मराठीची जोडी तिथे खरोखर सुटते. भूतकाळात हा बोदा अनुभव सांगतो. गा ब्वास्सॉयो म्हणजे 'गेलीयेस का कधी?' खाण्यापिण्यात आपलंही चालतं, 'सोलकढी पिऊन बघितलीस का?' यात अनुभवच विचारलाय. जागेच्या बाबतीत मात्र 'जाऊन बघितलं' म्हटलं की आपल्याला मुद्दाम चौकशीला गेल्यासारखं वाटतं. तेव्हा चव असेल तर 'बघितलंस का', ठिकाण असेल तर 'गेलीयेस का'. आणि खुद्द बोदाचा अनुभव सांगताना बोदाला बोदा जोडत नाहीत, 'बोन जॉगी इस्सॉयो' म्हणतात, पाहिलंय म्हणजे. 'ब्वा ब्वा' ऐकू येतं ते आज्ञेत, 'बघ ना, बघ'.

दुसऱ्यासाठी 'दिसतंय' हा शब्द धरा. ओना ब्वायो म्हणजे बाहेरून येणाऱ्यांच्या छत्र्या ओल्या आहेत, त्यावरून पाऊस पडतोयसं दिसतंय. काहीतरी खूण बघून केलेला अंदाज. हॉटेलबाहेर रांग दिसली की 'माशिन्ना ब्वायो', चांगलं मिळत असावं इथे. पण स्वतः ताट संपवल्यावर हे म्हणता येत नाही, कारण आता अंदाज कसला? तिथे 'गॉत खाथायो' चालतं, कारण ते स्वतःचं मत नरमाईने सांगायलाही वापरतात. टोपिकमध्ये या फरकावर हमखास पर्याय देतात.

तिसरा रांजणगावकरांनी घ्यावा.

रांजणगावकर

'नुजुल्का ब्वा थेक्शिरुल थास्सॉयो.' उशीर होईल की काय म्हणून टॅक्सी केली. 'की काय म्हणून' बसवा, कधीच चुकणार नाही. भीतीच आहे ती. फक्त एक पथ्य: याच्यापुढे आज्ञा किंवा 'चला, करूया' येत नाही. 'उशीर होईल की काय म्हणून लवकर निघ' हे मराठीत चालून जातं, कोरियनमध्ये नाही. तिथे 'नुजुनिक्का', 'उशीर होईल, म्हणून लवकर निघ', असं सरळ कारण द्यावं लागतं.

बेळगावी_कुंदा

'बोगो शिपॉ' राहिलं. सगळ्या गाण्यांत असतं. त्याला आठवण येते म्हणायचं का?

सोलकढी

शब्दशः 'बघावंसं वाटतंय'. आमची आजी मुंबईला पत्र पाठवायची त्यात 'तुला एकदा डोळे भरून बघावंसं वाटतं' असंच असायचं. आठवण येते हा सपक अर्थ झाला, बघावंसं वाटतंय हेच ठेवा.

निवृत्त_मास्तर

नातीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आजोबा, लिपी शिकून बघा. हीच ती 'हे ब्वा', म्हणजे 'करून बघ' का?

हान_नदीकाठी

मास्तर, तीच! तुमच्याशी बोलताना मात्र ती 'हे बोसेयो' म्हणेल, आदराने. आणि तुमच्यासारख्या वडीलधाऱ्यांना 'भेटू' म्हणताना बोदाही बदलतं, 'ब्वेप्ता' होतं. पहिल्या भेटीत वाकून 'छॉउम ब्वेप्केस्सुमनिदा'. दर्शन घेणे आणि बघणे यात जो फरक, तोच.

दादर_पूर्व

मूळ प्रश्न कसं लक्षात ठेवायचं हा होता, म्हणून माझ्याकडून उपयोगाचं एक. कोरियाच्या राष्ट्रीय भाषा संस्थेचा शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश जालावर मोफत आहे, सोप्या कोरियनमध्ये अर्थ आणि भरपूर उदाहरणं. बोदा उघडलं की वीसहून अधिक अर्थ ओळीने दिसतात. घाबरू नका. उदाहरणाची वाक्यं दोन रकान्यांत लिहा. डावीकडे मराठीत बघणे-दिसणे चालतं ती, उजवीकडे चालत नाही ती. परीक्षा, बाजारहाट, नफा-नुकसान, 'ह्युंगुल बोदा' म्हणजे उणीदुणी काढणे, ही उजवीकडे जातील. पाठांतर फक्त उजव्या रकान्याचं. रांजणगावकर, यात तुमचंही राहिलं आणि माझंही.

रांजणगावकर

मंजूर!

केतकीवन

दोन रकाने आजच आखले. डावा खूपच लांब झाला, त्यामुळे धीर आला. आता शेवटचं एक, सराव प्रश्नपत्रिकेतलं: 'जिगुम गा ब्वात्चा नुजॉस्सॉ.' हे कोणत्या रकान्यात?

व्याकरणवेडा

डाव्या. 'आता जाऊन बघितलंस तरी उशीर झालेलाच.' करून काही उपयोग नाही, हे सांगायला '-ब्वात्चा' येतो. पुढच्या भागात नेहमी नकार किंवा निरर्थकपणा असतो, चांगला निकाल येत नाही, त्यामुळे पर्यायांत सकारात्मक वाक्य दिसलं की ते काटायचं. बोदा लागून तयार झालेलं असलं तरी आता ते मागच्या क्रियापदाला एक प्रत्यय म्हणून लागतं. 'माल्हे ब्वात्चा', सांगून काय उपयोग, हे सगळ्यात जास्त ऐकू येईल.